स्नानगृहाचे नूतनीकरण : रंग आणि झिलई यांचा मेळ

घर सजविण्याचा विषय निघाला की आपले लक्ष प्रथम दिवाणखान्याकडे जाते, नंतर स्वयंपाकघराकडे आणि शयनगृहाकडे. स्नानगृहाची आठवण होते ती बहुधा खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनी छताला ओल आल्याची तक्रार केल्यावर! वास्तविक, आपल्या दिवसाचा प्रारंभ ज्या खोलीत होतो आणि घरातील लहानथोर सर्वच जण जिचा वापर करतात, ती ही खोली. क्षेत्रफळाने घरात सर्वांत लहान; परंतु दर चौरस फुटामागील खर्च पाहू जाता बहुधा सर्वांत महाग.

गृहदुरुस्तीच्या कर्जासाठी येणारी अंदाजपत्रके तपासताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. त्यांत तोडफोड, जलरोधन, नळजोडणी, लाद्या, मजुरी या सर्वांचे आकडे असतात. रंग आणि झिलई यांच्यापुढे मात्र ‘पसंतीनुसार’ एवढाच शेरा असतो. म्हणजे निर्णय पुढे ढकललेला असतो. मग काम सुरू झाल्यावर एके सकाळी गवंडी विचारतो, “साहेब, लादी कोणती लावायची?” आणि घाईघाईने दुकान गाठून तासाभरात निवड उरकली जाते. त्या तासाभराच्या निवडीबरोबर पुढील पंधरा-वीस वर्षे काढावी लागतात. उदाहरणादाखल, २ लाख रुपये वार्षिक १० टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ४,२५० रुपये येतो आणि एकूण व्याज ५५,००० रुपयांच्या घरात जाते. मनास न पटलेली लादी रोज पाहत तिचे साठ हप्ते भरणे, यासारखे दुःख नाही!

म्हणूनच स्नानगृहाचे रंग व झिलई यांचा विचार पहिला हातोडा भिंतीवर पडण्यापूर्वी, घरातील सर्वांनी एकत्र बसून कसा करावा, याविषयी काही उपयुक्त माहिती येथे देत आहे.

दगड-तांब्याची जुनी संगत

आपल्या जुन्या वाड्यांतील न्हाणीघर आठवून पाहावे. पायाखाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात तांब्याचा बंब, शेजारी घंगाळ आणि भिंतींना चुन्याचा हात. राखाडी दगड, लालसर तांबे आणि पांढरा चुना, एवढेच रंग. कोणीही रंगतज्ज्ञ बोलावला नव्हता, तरी ती खोली डोळ्यांना सुखावीत असे. कारण सामग्री मोजकी होती आणि ती परिसरात मिळणारी होती. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात असलेल्या शहाबादचा दगड महाराष्ट्रात आला. राजस्थानात कोट्याच्या हिरवट-निळसर दगडाने घरे सजली. आंध्रातील कडप्प्याचा काळा दगड दक्षिणेत रुळला. केरळ आणि बंगालमधील जुन्या घरांत लाल ऑक्साइडची तुळतुळीत जमीन आजही पाहावयास मिळते. प्रत्येक प्रांताची रंगसंगती तेथील मातीने आणि दगडानेच ठरविली होती.

पुढे सदनिका आल्या. १९८० च्या सुमारास गुलाबी, आकाशी, पिस्ता अशा रंगांचे कमोड आणि बेसिन बसविण्याची हौस वाढली. अशा स्नानगृहातील बेसिनला तडा गेला की त्याच छटेचे दुसरे मिळत नाही आणि गुलाबी कमोडशेजारी पांढरे बेसिन नाइलाजाने नांदू लागते. आज परिस्थिती याच्या अगदी उलट आहे. गुजरातमधील मोरबी हे देशातील सिरॅमिक लाद्यांचे सर्वांत मोठे केंद्र बनले आहे आणि तेथून निघणाऱ्या लाद्यांचे असंख्य नमुने लहान शहरांतील दुकानांतही दिसतात. पूर्वी निवड नव्हती म्हणून मेळ आपोआप साधत असे. आता निवड अमाप आहे, म्हणून मेळ विचारपूर्वक साधावा लागतो.

मेळ म्हणजे एकसारखेपणा नव्हे

येथे एक गैरसमज प्रथम दूर करावयास हवा. रंग जुळविणे म्हणजे सर्व काही एकाच रंगाचे करणे, असे अनेकांना वाटते. ‘रंगसंगती’ हा आपला शब्दच अधिक शहाणा आहे. गायकास तबल्याची संगत असते, तेव्हा तबला गाऊ लागत नाही. दोघे आपापल्या जागी राहतात, परंतु लय एक असते. स्नानगृहातही तसेच आहे. जेथे नजरेने सहज पुढे सरकावे, तेथे साम्य असावे. जेथे नजरेने क्षणभर थांबून सावध व्हावे, तेथे भेद असावा. भिंतीवरील लाद्या आणि त्यांमधील सांधे यांत साम्य हवे. जमीन आणि भिंत, पायरीची कड आणि जमीन, आधाराचा दांडा आणि भिंत यांत भेद हवा. पुढील सर्व सूचना या एका सूत्राभोवतीच फिरतात.

जे बदलणे कठीण, ते प्रथम ठरवावे

दुकानात गेल्यावर आपली दृष्टी प्रथम आरसे, दिवे आणि आकर्षक नळांवर खिळते. निवडीचा क्रम मात्र वेगळा असावा. बदलण्यास कठीण वस्तू प्रथम, सोपी वस्तू शेवटी.

जमिनीची लादी, भिंतीची लादी आणि भिंतीत गाडले जाणारे नळसाहित्य ही पहिली पायरी. यांतील काहीही बदलावयाचे म्हणजे पुन्हा तोडफोड, आणि जमीन फोडली तर जलरोधनाचा थरही गेला. कमोड आणि बेसिन ही दुसरी पायरी. दरवाजा, गिझर आणि कपाट ही तिसरी. आरसा, छताचा रंग, टॉवेल, बादली, पायपुसणे ही शेवटची. ती केव्हाही बदलता येतात.

यातून सरळ निष्कर्ष निघतो. आपली हौसेची गडद वा भडक छटा पहिल्या पायरीवर आणू नये, शेवटच्या पायरीसाठी राखून ठेवावी. मोरपंखी रंग अत्यंत प्रिय असेल तर तो टॉवेलात आणावा, एखाद्या कोनाड्यात आणावा. चारही भिंतींवर नको. आवड बदलली तर टॉवेल कपाटात ठेवता येतो, भिंत ठेवता येत नाही.

तीन रंग पुरेसे

गृहसजावटीच्या क्षेत्रात ६०-३०-१० असे एक प्रमाण रूढ आहे. खोलीचा सुमारे ६० टक्के भाग मुख्य रंगाचा, ३० टक्के दुय्यम रंगाचा आणि १० टक्के उठावाच्या रंगाचा असावा, असे ते सुचविते. ७ फूट लांब व ५ फूट रुंद अशा, सदनिकांत नेहमी आढळणाऱ्या स्नानगृहाचे उदाहरण घेऊ. मुख्य रंग म्हणून भिंतींना फिकट मातकट किंवा हस्तिदंती; दुय्यम रंग म्हणून जमीन आणि शॉवरमागील भिंत मध्यम राखाडी; उठावासाठी कोनाड्यात किंवा बेसिनवरील पट्ट्यात गडद हिरवा. कमोड आणि बेसिन पांढरेच.

एवढ्या लहान जागेत चौथा रंग आला की गर्दी वाटू लागते. लाद्यांच्या दुकानात मिळणाऱ्या, फुलांची वा शिंपल्यांची चित्रे असलेल्या लाद्यांचाही येथे रंग म्हणूनच विचार करावा. मुख्य लादीवर संगमरवरासारख्या ठळक रेषा असतील, तर दुसरी लादी साधी असावी. दोन नक्षीदार लाद्या शेजारीशेजारी आल्या की दोघींचीही शोभा जाते.

फिकट रंगाने लहान खोली मोठी भासते, हे खरे. परंतु फिकट म्हणजे पांढराच, असे नाही. मंद पिवळसर, मातकट, फिकट राखाडी या छटाही उजेड परतवितात आणि साबणाचे शिंतोडे पांढऱ्याइतके उघडे पाडीत नाहीत.

दुकानातील उजेड आणि घरातील उजेड

दुकानात मनात भरलेली लादी घरी वेगळीच दिसते, हा अनुभव अनेकांना येतो. त्यात दुकानदाराचा दोष नसतो. दोष असतो उजेडाचा. दिव्याच्या प्रकाशाची छटा केल्व्हिन या मापात सांगतात आणि ती एलईडी दिव्याच्या खोक्यावर छापलेली असते. २,७०० ते ३,००० केल्व्हिनचा प्रकाश पिवळसर, ४,००० च्या आसपासचा मध्यम पांढरा आणि ६,५०० चा निळसर पांढरा असतो. निळसर पांढऱ्या उजेडात राखाडी लादी स्वच्छ व थंड दिसते. तीच पिवळसर उजेडात मळकट भासू शकते. उलट, हस्तिदंती लादी पिवळसर उजेडात ऊबदार वाटते आणि निळसर उजेडात निस्तेज होते.

म्हणून पसंत पडलेल्या लाद्यांचे दोन-तीन नमुने घरी आणावेत. ते जेथे बसवावयाचे तेथेच, म्हणजे भिंतीचा नमुना उभा आणि जमिनीचा आडवा, ठेवून पाहावेत. सकाळी झरोक्याच्या उजेडात, रात्री दिव्याखाली आणि एकदा पाणी ओतून. ओली झाल्यावर मॅट लादी किंचित गडद दिसते, दगड तर बराच गडद दिसतो. स्नानगृहातील जमीन दिवसाचा बराच काळ ओलीच असते, हे ध्यानात ठेवावे. दिव्याची छटाही याच वेळी ठरवून टाकावी. सर्वसाधारण वापरास मध्यम पांढरा प्रकाश सोयीचा पडतो. त्यात दाढी करताना वा कुंकू लावताना चेहऱ्याचा रंग विचित्र दिसत नाही.

झिलई : रंगाची सख्खी बहीण

एकच राखाडी रंग चकचकीत लादीवर, मॅट लादीवर आणि खरबरीत लादीवर तीन निरनिराळ्या रंगांसारखा दिसतो. चकचकीत पृष्ठभाग उजेड आरशासारखा परतवितो, त्यामुळे रंग खुलतो. मॅट पृष्ठभाग उजेड विखुरतो, त्यामुळे रंग शांत दिसतो. म्हणून रंग निवडताना झिलईही त्याच बैठकीत निवडावी लागते.

भिंतीस चकचकीत लादी चालते. पुसण्यास ती सोपी आणि लहान खोलीत उजेड वाढविणारी असते. जमिनीस मात्र मॅट आणि न घसरणारी लादीच हवी. येथे शोभेसाठी तडजोड करू नये. साबणाचा फेस आणि गुळगुळीत लादी यांची गाठ पडली की काय होते, हे अस्थिरोगतज्ज्ञांना विचारावे! याशिवाय भिंतीची लादी जमिनीवर लावण्याचा मोहही टाळावा. भिंतीच्या साध्या सिरॅमिक लाद्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकतात, तर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार पोर्सेलिन लादीची शोषणक्षमता ०.५ टक्का किंवा त्याहून कमी असते. जमिनीसाठी दुसरा वर्गच योग्य.

पाण्याचा जडपणाही झिलईच्या निवडीत पाहावा लागतो. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार थेंब वाळला की पांढरा डाग ठेवून जातात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅम अशी दिलेली आहे. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या अनेक वसाहतींत पाणी बरेच जड असते. पाणी उकळण्याच्या भांड्यावर पांढरा थर चढत असेल, तर घरच्या घरी त्याची खूण पटते. अशा घरी काळ्या चकचकीत लाद्या आणि काळे नळ दुकानात कितीही राजस दिसले, तरी महिनाभरात ठिपकेदार होतात. तेथे फिकट राखाडी वा मातकट मॅट छटा अधिक समंजस ठरतात.

नळांचे कुटुंब एक असावे

बेसिनचा नळ, शॉवर, भिंतीतील डायव्हर्टर, जेट, टॉवेलचा दांडा, साबणदाणी, दाराची कडी, जमिनीवरील जाळी अशा आठ-दहा धातूच्या वस्तू स्नानगृहात असतात. त्या निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या व्यक्तींनी आणल्या की क्रोम, सोनेरी, काळा आणि घासलेले स्टील असे चारही प्रकार एकाच खोलीत भेटतात. सोपा नियम असा, की पाणी वाहून नेणाऱ्या सर्व वस्तूंची झिलई एकच असावी. फार तर आरशाची चौकट आणि कपाटाच्या मुठी यांसाठी दुसरी झिलई घ्यावी, तिसरी नको.

भिंतीत गाडल्या जाणाऱ्या डायव्हर्टरबाबत विशेष सावध असावे. त्याचा आतील भाग लाद्या बसण्यापूर्वी भिंतीत जातो आणि बाहेरील दर्शनी भाग शेवटी बसतो. सहसा एका कंपनीच्या आतील भागावर दुसऱ्या कंपनीचा दर्शनी भाग बसत नाही. म्हणून काळी झिलई हवी की क्रोम, आणि त्या कंपनीत ती मिळते की नाही, हे भिंत बंद होण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

क्रोमची झिलई सर्वत्र मिळते, तुलनेने स्वस्त पडते आणि नंतर सुटा भाग घ्यावा लागला तरी जुळते. चांगल्या नळात पितळेच्या अंगावर निकेलचा थर आणि त्यावर एका मायक्रॉनहूनही पातळ असा क्रोमियमचा थर असतो. बाजारात ‘ॲसिड’ या नावाने मिळणारे हायड्रोक्लोरिक आम्ल या थरास खाऊन टाकते. संगमरवर, शहाबादी आणि कोटा हे दगड चुनखडीच्या जातीचे असल्याने त्यांनाही ते चरते. सिमेंटचे सांधेही पोखरते. नळ वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय ही झिलई टिकविण्याची सर्वांत स्वस्त युक्ती होय.

पांढऱ्यातही पंक्तिभेद

पांढरा रंग सर्वांत सोपा, असे वाटते. प्रत्यक्षात तो फसवा आहे. निळसर पांढरा, दुधी, हस्तिदंती या छटा वेगवेगळ्या दुकानांत सर्वच ‘पांढऱ्या’ म्हणविल्या जातात. शुभ्र कमोड आणि दुधी बेसिन शेजारी बसविले की दुधी वस्तू मळलेली वाटते. कमोड, बेसिन आणि कमोडचे झाकण शक्यतो एकाच कंपनीचे, एकाच छटेचे घ्यावे.

लाद्यांचेही तसेच. एकाच नमुन्याच्या लाद्यांत भट्टीच्या प्रत्येक खेपेगणिक छटेचा सूक्ष्म फरक पडतो. म्हणून पेटीवर छटेचा व खेपेचा क्रमांक छापलेला असतो. माल घरी येताच सर्व पेट्यांवरील क्रमांक पडताळावेत आणि कामाअखेर कमी पडू नयेत इतक्या लाद्या एकाच वेळी घ्याव्यात. वरील ७ × ५ फुटांच्या स्नानगृहाचा हिशेब असा. चार भिंतींची एकूण लांबी २४ फूट; ७ फूट उंचीपर्यंत लाद्या लावल्या तर १६८ चौरस फूट. त्यातून दार व झरोका यांचे सुमारे २१ चौरस फूट वजा केले की १४७ राहतात. कापणी व फुटतुटीसाठी १० टक्के वाढवून सुमारे १६२ चौरस फूट. ३०० × ६०० मि.मी. आकाराच्या ५ लाद्यांची पेटी असेल, तर ती सुमारे ९.७ चौरस फूट व्यापते. म्हणजे १७ पेट्या लागतील. जमीन ३५ चौरस फुटांची. ३०० × ३०० मि.मी.च्या ४० लाद्या पुरतील. काम संपल्यावर उरलेल्या चार-पाच लाद्या माळ्यावर जपून ठेवाव्यात. पुढे एखादी फुटली, तर तीच छटा बाजारात मिळण्याची शाश्वती नसते.

लाद्यांमधील सांध्यांकडे तर कोणाचेच लक्ष नसते. पांढऱ्या सिमेंटने भरलेले सांधे जमिनीवर लवकरच काळवंडतात आणि नवी लादीही जुनी दिसू लागते. जमिनीस लादीच्या रंगाशी मिळताजुळता, किंचित गडद सांधा घ्यावा. इपॉक्सीचा सांधा महाग पडतो, परंतु पाणी व डाग शोषीत नाही. जमीन आणि शॉवरचा भाग यांपुरता तरी तो वापरावा. भिंतीवर लादीच्याच छटेचा सांधा असला म्हणजे चौकटींचे जाळे डोळ्यांत भरत नाही.

आजी-आजोबांच्या नजरेने

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाने कर्ज घेऊन घरातील स्नानगृह नव्याने बांधले. जमीन, भिंती, कमोड, शॉवरकडील चार इंची उंबरा असे सर्व काही शुभ्र. पाहुण्यांनी तोंड भरून कौतुक केले. मात्र त्यांच्या वयोवृद्ध आई तेथे जाताना दारातच थबकू लागल्या. उंबऱ्याची कड कोठे संपते आणि जमीन कोठे लागते, हेच त्यांना कळत नव्हते. पाऊल टाकण्यापूर्वी त्या हाताने भिंत चाचपीत. शेवटी उंबऱ्यावर गडद ग्रॅनाइटची पट्टी आणि भिंतीवर गडद रंगाचा आधाराचा दांडा बसविल्यावर त्यांचे चाचपणे थांबले. खर्च फार झाला नाही. परंतु बसलेल्या लाद्यांत भोके पाडावी लागली आणि त्या अवधीत घरातील सर्वांच्या जिवाला घोर लागून राहिला.

यामागील कारण साधे आहे. वयोमानाने डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते, डोळ्यात पोहोचणारा प्रकाश कमी होतो आणि जवळजवळच्या छटांतील, विशेषतः निळ्या-हिरव्या छटांतील, फरक ओळखणे अवघड होते. तरुण डोळ्यांना जो मेळ सुंदर वाटतो, तो वृद्ध डोळ्यांना सपाट धुक्यासारखा भासू शकतो. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सार्वत्रिक सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही रंगांतील ठळक भेदाला महत्त्व दिलेले आहे. ती प्रामुख्याने सार्वजनिक वास्तूंसाठी असली, तरी घरासाठीही तितकीच उपयुक्त आहेत.

घरात ज्येष्ठ असतील, किंवा पुढील पंधरा वर्षांत आपणच ज्येष्ठ होणार असू, तर पाच ठिकाणी भेद अवश्य ठेवावा. जमीन भिंतीपेक्षा स्पष्टपणे गडद असावी. उंबरा वा पायरीची कड वेगळ्या छटेची असावी. कमोडमागील भिंत पांढरी नसावी, म्हणजे पांढरा कमोड उठून दिसतो. आधाराचा दांडा भिंतीच्या रंगात लपू नये. दिव्याचे बटण आणि नळाची मूठ चटकन दिसावी. याउलट, जमिनीच्या मध्येच काळे चौकोन वा गडद नक्षी टाळावी. मंद नजरेला ती खड्ड्यासारखी किंवा साचलेल्या पाण्यासारखी भासते.

कागदावर आधी, भिंतीवर नंतर

हे सर्व ठरले की एका पुठ्ठ्यावर आपला ‘रंगतक्ता’ तयार करावा. त्यावर लाद्यांचे तुकडे, सांध्याची छटा, दाराच्या पृष्ठभागाचा नमुना आणि नळाच्या झिलईचे चित्र चिकटवावे. शेजारी कंपनी, नमुना क्रमांक, आकार, नग आणि दर लिहावेत. हाच तक्ता कंत्राटदाराच्या दरपत्रकास जोडावा. ‘चांगल्या प्रतीची लादी’ असे मोघम शब्द दरपत्रकात ठेवू नयेत. वाद तेथूनच सुरू होतात. आपले अंदाजपत्रकही यामुळे खरे होते आणि कर्जाची रक्कम नेमकी मागता येते. एकूण खर्चाच्या १० ते १५ टक्के रक्कम अनपेक्षित कामांसाठी बाजूला ठेवावी. जुनी भिंत उघडल्यावर गंजलेली नळी हमखास सापडते.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहत असल्यास संस्थेस लेखी कळवून आवश्यक ती परवानगी घ्यावी. जलरोधन झाल्यावर जमिनीत किमान २४ तास, शक्य तर ४८ तास, पाणी साठवून गळती तपासावी. त्यानंतरच लाद्या बसवाव्यात. पाण्याचा उतार जाळीकडे नीट आहे ना, हे बादलीभर पाणी ओतून पाहावे. वायरमनकडून गिझरच्या मंडलावर ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच बसवून घ्यावे. सुंदर रंगसंगतीखाली हे अदृश्य काम कच्चे राहिले, तर सगळाच खर्च पाण्यात जातो.

खरेदीची पक्की बिले जपून ठेवावीत. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या करदात्यास, स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्ती वा नूतनीकरणासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजापोटी वर्षाला कमाल ३०,००० रुपयांची वजावट घेता येते. मात्र ती गृहकर्जाच्या व्याजासाठी असलेल्या २ लाख रुपयांच्या एकूण मर्यादेतच धरली जाते. नव्या करप्रणालीत राहत्या घरासाठी ही सवलत नाही. कर्ज काढण्यापूर्वी आपल्या करसल्लागाराशी याविषयी बोलून घ्यावे.

स्नानगृहाची रंगसंगती हा श्रीमंतीचा विषय नाही. महागड्या सोनेरी नळांनी जे साधत नाही, ते तीन शांत रंग, एक झिलई आणि योग्य जागी ठेवलेला एक गडद पट्टा यांनी साधते. निवड करताना घरातील सर्वांत तरुण व्यक्तीची हौस अवश्य विचारात घ्यावी, परंतु अंतिम पसंतीचा शिक्का घरातील सर्वांत वृद्ध डोळ्यांनी मारावा. ज्या खोलीत आपल्या आई-वडिलांचे पाऊल निःशंक पडते, तीच खोली खऱ्या अर्थाने सुंदर. नूतनीकरणाचा संकल्प करणाऱ्या सर्व वाचकांना मनःपूर्वक शुभेच्छा!